वेदूच्या दंडावरचा व्रण

५ ऑक्टो., रवि.
दसरा झाला, घरात परत मासळी. धाकट्या जावेने, सुलभाने, सुंगटांचं म्हणजे कोलंबीचं हुमण केलं. तिचा वेदू ताट चाटूनपुसून जेवला. माझ्या मुक्ताला नारळाच्या रसातली मुगांची गाठी. दोघं पाच वर्षांची, जन्मात आठवड्याचं अंतर. त्याला माती, मांजर, सुंगटं, सगळं चालतं. हिच्या पोटात एक सुंगट गेलं की ओठ सुजतात, धूळ उडाली की छाती वाजते.
संध्याकाळी दोघांना न्हाऊ घातलं. वेदूच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण, ठसठशीत. मुक्ताचा दंड गुळगुळीत. एकाच दिवशी, एकाच नर्सने टोचलेलं. मग?

७ ऑक्टो., मंगळ.
मोबाइलवर वाचलं. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस मिळालेल्या मुलांना अ‍ॅलर्जी कमी होते, असं काहींचं म्हणणं. म्हणजे त्याला लागली, आमची वाया गेली. सु. अंगणात गुणगुणत धुणं वाळत घालत होती. तिला गायला काय जातं!

९ ऑक्टो., गुरु.
मुक्ताला घेऊन आम्ही दोघं म्हापशाला डॉ.कडे. विचारलंच, "परत टोचता येईल?"
"नाही. व्रण उठला नाही म्हणजे लस लागली नाही, असं नसतं. आणि अ‍ॅलर्जीचं म्हणाल तर कुठे थोडा फरक दिसलाय, कुठे काहीच नाही. ही लस क्षयासाठी. ती हिला मिळालीय."
"मग त्याला कसं काही होत नाही?"
"कोणाला?"
मुक्ताचा फ्रॉक सारखा करून उठले. परतीच्या बसमध्ये हे म्हणाले, "तुका वखद जाय की वेदूचो हात?" औषधच हवं होतं मला! मुक्ताला उचलून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

१२ ऑक्टो., रवि.
वेदूने आपल्या ताटातलं सुंगट मुक्ताला भरवलं. मायेनेच. बघता बघता डोळे सुजून बंद, श्वास ओढू लागली. डिचोलीच्या हॉस्पिटलात पळालो. इंजेक्शन, ऑक्सिजन. आता बरी आहे. उद्यापर्यंत इथेच ठेवणार.
सु. वॉर्डाच्या दारात रडत होती, "वयनी, ताचें चुकलें गो."
मी म्हटलं, "तुझ्या पोराला सगळं पचतं. आमचं मेलं तरी तुला काय!"
आमचं म्हणजे मुक्ता. असं बोलले मी. सगळ्यांसमोर.

१४ ऑक्टो., मंगळ.
मुक्ताला काल घरी आणलं. सु. वेदूला घेऊन माहेरी, मांद्र्याला गेलेली. मुक्ता सारखी विचारते, "वेदू केन्ना येतलो?" हॉस्पिटलात रात्रभर उशाशी मी बसले होते, आठवण त्याची.
तिकडे समुद्र दाराशी. रोज ताजी मासळी. खात असेल पोटभर.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
सकाळीच आली दोघं. मुक्ताने वेदूला ओवाळलं. सु. माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. तिला रागसुद्धा धरता येत नाही! मग मागीलदारी हळूच सांगितलं: मांद्र्याला वेदूने सुंगटाला हात लावला नाही. मामाने समजावलं, आजी रागावली. एकच धोशा, मुक्ता खाईल तेव्हाच: "मुक्ता खायत तेन्ना हांव खातलों."
ऐकून माझे डोळे भरायला हवे होते. भरले नाहीत. मनात आलं ते एवढंच, की असं पोरही तिच्याच पोटी यावं?
उद्या शुक्रवार, म्हापशाचा बाजार. सु. आता खोलीच्या दारात येऊन विचारते आहे, "वयनी, मासळी हाडूं काय नाका?"
हो म्हटलं तर मुक्ताची भीती. नको म्हटलं तर तिचे नि वेदूचे उपकार.
विचार करते म्हटलं. ती अजून दारातच उभी आहे.