जे आजारी पडले नाहीत

प्रिय डॉक्टरीणबाई,

विज्ञानाच्या बाई हे पाकीट तुझ्या हातात देतील, तेव्हा तू स्टेजमागच्या बाकावर बसलेली असशील. तुझ्या आधीची टीम बोलत असेल, म्हणजे वाचायला वेळ आहे. केस घट्ट बांधलेस ना? घाबरलीस की तू वेणीचं टोक चावतेस, आणि परीक्षकांसमोर ते काही बरं दिसत नाही.

मागे तू निरोप पाठवलास, की साथरोगांच्या स्पर्धेची अंतिम फेरी आलीय, परीक्षक काय विचारतील ते तूच काढून दे, तुझ्याइतकं खोचक कोणी नाही. मला हसूच आलं. टीममधून माझं नाव काढताना तूच बाईंना सांगितलं होतंस, की हिच्या घरचं माणूस यात गुंतलंय, ही निःपक्षपाती राहणार नाही. शब्द मात्र अचूक वापरलास. आमच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून अभ्यास करायचो, तेव्हा तो मीच तुला शिकवला होता. आई आपल्या दोघींच्या मधे डबा सरकवून जायची आणि तू न बघताच त्यात हात घालायचीस.

क्रीडादिनानंतर अर्धी शाळा उलट्या-जुलाबांनी आडवी झाली, तेव्हा मोठी माणसं घाबरली आणि तुझे डोळे चमकले. स्पर्धेसाठी पुस्तकातली जुनी साथ घोळवत बसलो होतो आपण, आणि इथे जिवंत साथ दारात चालून आली. मी सलाईन लावून पडले होते, तेव्हा पलंगाशी येऊन पहिली मुलाखत तू माझीच घेतलीस. काय काय खाल्लंस? मग वॉर्डभर फिरलीस. सगळ्यांनी एकच सांगितलं, कस्टर्ड. शाळेच्या कॅन्टीनमधलं, माझ्या आईने केलेलं.

मग तू क्लिपबोर्ड घेऊन आमच्या घरी आलीस. आधी पोटभर जेवलीस, नंतर विचारलंस. संडासातून आल्यावर साबण लावता का, नखं कधी कापलीत, हाताला जखम आहे का. आई तुला बाळा, बाळा म्हणत उत्तरं देत होती. तिने आपणहून हात पुढे केले आणि तू ते टॉर्च लावून तपासलेस. कोपऱ्यात उभी राहून मी बघत होते. जिला तू मावशी म्हणायचीस ती माझी आई पोस्टरवर ‘अन्न हाताळणारी व्यक्ती’ झाली आणि सगळे लाल बाण तिच्याकडे वळले. शाळेच्या फेरीत तुला पहिलं बक्षीस मिळालं. त्याच आठवड्यात शाळेने कॅन्टीन दुसऱ्याला दिलं.

आई आता लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. कुणाच्या तोंडात जाईल अशा कशाला हात लावायचं काम तिला कुणी देत नाही. घरी भाजी चिरायच्या आधी हात धुते, चिरताना धुते, चिरून झाल्यावर धुते. बोटांची सालं निघालीत. मला वाढताना पळी लांबून धरते. मी ओरडते तिच्यावर, मग ती पुन्हा हात धुवायला जाते.

पण तुझं काम मी इमानाने केलं हो. खोचक प्रश्न शोधायला पुस्तक उघडलं, तर पहिल्याच धड्यात सापडला. जे आजारी माणसांना विचारायचं, तेच धडधाकट माणसांनाही विचारायचं. आपण विचारलंच नव्हतं. मला वाटलं, नवशिक्यांची चूक. म्हणून मी जाऊन विचारून आले. कस्टर्ड त्यांनीही वाटी चाटूनपुसून खाल्लं होतं. फरक निघाला तो मैदानावर वाटलेल्या सरबतात. लहान मुलांच्या शर्यती सकाळीच आटोपल्या, तेव्हा बर्फ यायचा होता, ती ठणठणीत. घसा धरलेल्यांनी बिनबर्फाचं घेतलं, तेही ठणठणीत. दुपारी बर्फ आला तो तुझ्या बाबांच्या मासळीच्या दुकानातून, मासे ठेवायच्या पेटीतला. पोरं उन्हात तळमळतायत म्हणून बिचारे स्वतः घेऊन आले. धुऊन घातला की झालं, असं त्यांना वाटलं. त्यांच्यावर माझा राग नाही.

राग तुझ्यावर आहे. त्या दिवशी माझ्या शेजारी बसून तू दोन वाट्या कस्टर्ड खाल्लंस आणि तुला साधं पोटातही दुखलं नाही. सरबत तू घेतलंच नाहीस. त्या पेटीतला बर्फ तोंडात घालायचा नाही, अशी तुझ्या आईची सक्त ताकीद आहे. लहानपणी एकदा दुकानात मी खडा उचलला, तर तूच माझ्या हातावर फटका मारला होतास. त्या दुपारी मात्र मी ग्लास तोंडाला लावला आणि तू बघत राहिलीस. नंतर सगळ्यांना काय खाल्लं ते विचारत फिरलीस, काय प्यायलं ते एकालाही विचारलं नाहीस.

तर आता तुझा प्रश्न. परीक्षकांत चष्मेवाल्या डॉक्टर आहेत, त्यांना मी सगळं कळवलंय. त्या विचारतील, जे आजारी पडले नाहीत ते काय प्यायले? आणि मग विचारतील, तू स्वतः काय प्यायलीस? सुचलं नाही म्हणालीस तर बक्षीस जाईल. खरं सांगितलंस तर बाबांची अब्रू जाईल. ते पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून तुझं शूटिंग करत असतील. हे आधी कळवलं असतं तर तू आज नेमकी आजारी पडली असतीस, म्हणून पाकीट आत्ता दिलं. बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर आईला मी बसवलंय. तिला यातलं काहीच माहीत नाही. बाळ जिंकायला हवं, म्हणत ती सकाळपासून तयार होऊन बसली होती. हात पदराखाली झाकलेले असतील, पण तू स्टेजवर आलीस की टाळ्या वाजवायला ती ते बाहेर काढेल. टॉर्चची गरज पडणार नाही, तिथूनही दिसतील. ऊठ आता, तुझं नाव पुकारतायत.

तुझीच,
अन्न हाताळणाऱ्या व्यक्तीची मुलगी