हाकेचा डबा

सिहोरा, ८ जुलै

चि. कामिनीस आजीचे अ. उ. आ. वि. वि.

फोन सोडून चिठ्ठी काहून, असं म्हणशीन. फोनवर मले ओरडल्याबिगर बोलता येत नाही, अन् तुया आज्याची खाट त्याच खोलीत. लकव्यानं त्यायची जीभ गेली, कान शाबूत आहेत. मायं चौथीचं अक्षर आहे, लागन तसं वाच.

तू पुण्याहून धाडलेला प्रोग्राम पहिले तर उघडेचना. काळी खिडकी यायची अन् पळायची. दुसऱ्या खेपेले धाडला तो चालला. पडद्यावर पाच डबे आहेत. पाणी, भूक, दुखते, संडास, अन् पाचव्यात मायं नाव. एकामागं एक पिवळे होतेत. पायजे तो पिवळा झाला का आजा डाव्या हातानं कीबोर्डाचं लांब बटन दाबते, मंग तुया आवाज बोलते. पहिले चार दाबतेत, पाचव्याले हात लावत नाहीत.

गेल्या आठवड्यात मारोतराव भेटाले आले. मी मागं गोठ्यात होती. पाहुण्यासमोर संडास म्हणून मशीन ओरडावं याची त्यायले लाज, म्हणूनच तर तू हा पाचवा, मले हाक माराचा डबा देल्ला. तोबी दाबला नाही. धोतर खराब झालं. मारोतरावच मले सांगाले आले. मी लय बोलली त्यायले. पोरीनं एवढं केलं, एक बटन दाबता येत नाही का, असं म्हणली. तवापासून भिंतीकडं तोंड करून आहेत. पाणी तोंडाशी नेलं तर ओठ मिटतेत. पाणी नाही पेलं तर जावं लागत नाही, असा हिशोब. डॉक्टर म्हणते, असंच चाललं तर दवाखान्यात टाकावं लागन. तुया पाचवा डबा बिघडला का, ते पाय.

तब्येतीले जप. वाळून काडी झाली म्हणून तुया बाप सचिन सांगत होता.

तुयी आजी

पुणे, १४ जुलै

ती. आजीस कामिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून ऑफिसात बसवेना. बाबाही फोनवर बोलले, पण धोतराचं त्यांनी लपवलं. प्रोग्राम मी पुन्हा तपासला. पाचवा डबा बिघडलेला नाही. बटण दाबलं की ‘पुष्पा’ असं स्वच्छ ऐकू येतं. ते रेकॉर्ड करतानाच मला हसू फुटलं होतं, आजीला नावानं हाक मारताना. आता हसू येत नाही.

तुझं नाव मी आधार कार्डावरून घेतलं. मग आठवून पाहिलं, तर आजोबांच्या तोंडून ते कधी ऐकल्याचं आठवत नाही. ते तुला हाक कशी मारायचे गं? खरं खरं लिही. आणि त्यांना रागावू नकोस. माझ्यावर राग काढ, मी लांब आहे.

आजोबांच्या पायांवर डोकं ठेवते.

तुझी कामिनी

सिहोरा, २० जुलै

चि. कामिनीस अ. उ. आ. वि. वि.

तू विचारलं तवा माया डोक्यात उजेड पडला. एवढी शिकली तू अन् एवढी म्हातारी मी, दोघीबी येड्याच. लग्नात बायकायनं दार अडवलं होतं, तवा त्यायनं उखाण्यात मायं नाव घेतलं. त्याच्यानंतर घरात नाही, दारात नाही. मीबी त्यायचं घेत नाही. हाक म्हणजे एकच, आयकलं का वो. तू त्या माणसाले मारोतरावासमोर बायकोचं नाव घ्याले लावलं! त्यायनं धोतर खराब होऊ देल्लं, पण नाव घेतलं नाही. अन् मी त्यायलेच बोलली.

आता आयकलं का वो असं टाक. पण तुया आवाजात नको. नवऱ्याची हाक नातीच्या तोंडी शोभत नाही. सचिनचा आवाज बापावर गेला आहे, त्याले बोलाले लाव.

आणखी एक. आंधळगावची मायी बहीण ललिता येऊन गेली. तिचे मालक मधुकरराव, त्यायलेबी लकवाच आहे. तिले हा प्रोग्राम पायजे. त्यायची हाक अंजूची माय अशी आहे.

पाणी अजून चमच्यानं पाजून राहिली. लवकर धाड.

तुयी आजी

पुणे, २७ जुलै

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुमसरला गिरणीतूनच हाक रेकॉर्ड करून पाठवली. मागं गिरणीची घरघर होती, ती काढून टाकली. दोन पेनड्राइव्ह पाठवते आहे. लाल तुमचा, निळा ललिताआजीचा. निळ्यात हाकेचा डबा कोराच ठेवला आहे. अंजूआत्यानं माईकचं चित्र दाबून घरची हाक भरायची. आता कोणी मागितला तरी असाच देऊ. ज्याच्या घरची हाक त्यानंच भरावी.

आजोबांनी पाणी घेतलं की लगेच कळव. तुझी वाट पाहणारी,

कामिनी

सिहोरा, ६ ऑगस्ट

चि. कामिनीस अ. उ. आ. वि. वि.

लाल पेनड्राइव्ह सचिननं लावून देल्ला. मी आंगणात तांदूळ पाखडून राहिली होती, तर आतून आलं, आयकलं का वो. सूप हातातून सुटलं. आली आली म्हणत मी आत पळाली. उंबऱ्यात ध्यानात आलं, का हा सचिनचा आवाज होय. तोंडावर काही दाखवलं नाही. ते पडद्यावरच्या पाण्याच्या डब्याकडं पायत होते. गिलासभर पेले, मंग आणखी मागतलं. आता डॉक्टरचं काम नाही.

काल पुन्हा हाक आली. पाणी का म्हणून विचारलं, नाही. भूक, दुखते, संडास, सगळ्याले मान हालवून नाही म्हणलं. मंग कायले बोलावलं, चुलीवर भात आहे म्हणून मी तणतणली. त्यायनं डावा हात खाटेच्या काठावर थापटला. बसली मी. भात करपला.

तर एक डबा वाढव, बस जराशी असा. दरवेळी चार गोष्टी विचारण्यात टाइम जाते. ललिताच्या निळ्यातबी टाकजो. तिले विचारू नको, नाही म्हणन.

तुयी आजी