किचनला भिंत नव्हती

प्रिय वॉल्टरकाका,

काल तुमच्या लेकीने, एलेनने, घराच्या किल्ल्या एजंटला दिल्या. जाताना तिने कुंपणावरून तुमचा चहाचा मग माझ्या हातात ठेवला. "डॅड लव्हड युअर टी," म्हणाली. तो मग घेऊन मी घरात आले आणि सिंकसमोर उभी राहून ढसाढसा रडले. तुमच्या आठवणीने रडले असं वाटेल तुम्हाला. खरं सांगू? लाजेने.

म्हणून हे पत्र, आणि तेही मराठीत. तुम्हीच म्हणायचात ना, साक्षीदाराला त्याच्या भाषेत बोलू द्यावं, परक्या भाषेत माणूस फार नीटनेटकं खोटं बोलतो? माझं इंग्लिश किती नीटनेटकं आहे ते तुम्ही ऐकलंय.

आम्ही इथे मेलबर्नजवळ वेरिबीत घर घेतलं तेव्हा या गल्लीत पहिला हात केलात तो तुम्ही. बायको गेल्यावर लेकीजवळ राहायला अमेरिका सोडून आलेला म्हातारा वकील, एवढंच मला माहीत होतं. मग तुमच्या झाडाची लिंबं आणि माझं लोणचं अशी देवाणघेवाण सुरू झाली, आणि चहाबरोबर तुमची वकिली थोडी थोडी कळत गेली.

कापसाचं गाव, रेल्वेत राबणारे वडील, घरात कॉलेजला गेलेले पहिले तुम्ही. शहरातली चांगली नोकरी सोडून गावात येऊन पाटी लावलीत आणि काळ्या माणसांच्या केसेस घ्यायला लागलात. गोऱ्या माणसाने! खिडक्या फुटल्या. सख्ख्या भावाने बोलणं टाकलं. "मग तुम्ही शेवटपर्यंत बोललाच नाहीत?" मी विचारलं होतं. "तो नाही बोलला," तुम्ही म्हणालात, "मी दर ख्रिसमसला फोन करायचो."

जिंकलेल्या केसेसबद्दल विचारलं की तुम्ही लोणचं मागायचात. सांगायचात ती पहिलीच, हरलेली. एका काळ्या शिक्षिकेला घरमालकाने किराणा दुकानाच्या दारात वाटेल ते बोलून घराबाहेर काढलं. दुकानदार तिथेच उभा होता. कोर्टात म्हणाला, "मी पाठमोरा होतो." संपली केस. "तो वाईट माणूस नव्हता, स्मिता," तुम्ही म्हणायचात. "तिची आई गेली तेव्हा फुलं घेऊन गेला होता."

मी केवढी हळहळायचे! आणि स्वतः काय करत होते? इथल्या मराठी मंडळींत मी नुसती 'स्मिता रमेश'. आडनाव ना फेसबुकवर, ना दारावर. कुणी गोड आवाजात "पूर्ण नाव काय गं?" विचारलं की "आम्ही सांगलीकडचे" म्हणायचं आणि बटाटेवड्यांकडे वळायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! तिकडे आई बुद्धासमोर मेणबत्ती लावते, इकडे लेक संक्रांतीचं हळदीकुंकू घालते, वाणासकट.

तुम्हाला एकट्याला मी खरं सांगितलं होतं. अमेरिकन माणसाला सांगायला काय बिघडतंय? पण तुम्ही लगेच म्हणालात, "मग तुमच्या जयंतीला मला ने." मी म्हणाले, "नेक्स्ट इयर, शुअर." दर वर्षी नेक्स्ट इयर. एकदा तरी रागवायचं होतंत, काका!

या जानेवारीत माझ्याकडच्या हळदीकुंकवाला त्याच मंडळींतली मंजिरी आली, तिच्याकडे भाड्याने राहणारी प्राचीही आली. प्राची युनिव्हर्सिटीत शिकते, इथे तिचं कुणी नाही. वाण घेता घेता मंजिरी तिला म्हणाली, "तुझे जयंतीचे फोटो पाहिले गं इन्स्टावर. आधी सांगायचंस ना. माझं देवघर किचनमध्येच, त्यात सासूबाई येतायत. तू दुसरी रूम बघ. नो वरीज, घाई नाही."

प्राचीने सगळ्यांना सोडून माझ्याकडे बघितलं. मी चहा ढवळत राहिले.

पोरीने मंजिरीविरुद्ध तक्रार केली. मला फोन करून म्हणाली, "ताई, तुम्ही ऐकलंत ना? माझ्या वकील मॅडमना तेवढंच सांगा." मी सरळ कानांवर हात ठेवले. "अगं, मी किचनमध्ये होते. मला काही ऐकूच आलं नाही."

हेच तुम्हाला कुंपणापाशी सांगितलं, अगदी सहज. तुम्ही लिंबं तोडत होतात. मागे वळलाही नाहीत. एवढंच विचारलंत, "तुझ्या किचनला भिंत कुठे आहे, स्मिता?"

नाहीच आहे. इथल्या सगळ्या घरांसारखं ओपन किचन. ओट्यावरून हात लांबवून टेबलावर वाटी ठेवता येते. तिथेच तर बसायचात तुम्ही!

मला राग आला. एका प्रश्नात पकडलंत म्हणून आला. चहाला बोलावणं बंद केलं, कुंपणाकडचे कपडे आत वाळत घातले. तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेल्याचं कळलं तेव्हाही म्हटलं, वीकेंडला जाऊ. वीकेंड आला, पण तुम्ही त्याच्या आधीच गेलात.

फ्युनरलला मी आले होते. फुलं घेऊन. ती ठेवताना तो दुकानदार आठवला. काका, तुमची ती पहिली केस मी पुन्हा हरायला लावली हो.

हे लिहिता लिहिता मध्येच उठून प्राचीला फोन केला. म्हटलं, "मी सगळं ऐकलं होतं. बोलले नाही, कारण मीही तुमच्यातलीच आहे. घाबरले." ती म्हणाली, "माहीत होतं ताई. म्हणूनच तर तुमच्याकडे बघितलं होतं."

सॉरी म्हणाले. तिने "इट्स ओके" म्हटलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

सोमवारी तिच्या वकील मॅडमकडे जातेय. कोण काय बोललं, कोण कुठे उभं होतं, मी काय ढवळत होते, सगळं सांगणार. मंजिरी बोलणं टाकेल, तिच्यामागे बाकीच्याही. टाकू देत. दिवाळीला मी फोन करीन. आणि येत्या जयंतीला तुमचा मग सोबत नेईन, तिथला चहा त्यातूनच पिईन. आता 'नेक्स्ट इयर' नाही.

सोमवारी जबाबाखाली जी सही करायची आहे, ती आधी इथे करतेय. तुमच्यासमोर.

तुमची शेजारीण,
स्मिता रमेश कांबळे