आर्डिसची तीन मिनिटं

३ फेब्रुवारी २००३
विधेयक मी अध्यक्ष असलेल्या समितीकडेच आलं! बड्या उत्पन्नावरचा कर कमी करायचा, आणि ती तूट भरायला म्हाताऱ्यांच्या औषधांची योजना बंद. आमचा पक्षनेता डार्विन म्हणाला, "लेलंड, कारखानदार टिकले तर पोरं राज्य सोडून जाणार नाहीत." खोटं नाही ते. माझे दोन्ही मुलगे गेलेच की.

९ फेब्रुवारी
आर्डिसला फोन केला. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनंच मला वाढवलं. आता अठ्ठ्याहत्तरची. रक्तदाबाच्या गोळ्या त्याच योजनेतून मिळतात.
"तुझं कसं होईल गं?"
"माझं राहू दे. तू जेवतोस ना नीट?"

१२ फेब्रुवारी
सुनावणी. साक्षीदारांची यादी वाचत होतो – सतरावं नाव आर्डिस हॅल्वर्सन! मला न सांगता, बर्फातून, दोनशे मैल बसनं आली. चर्चला जातानाचा निळा कोट घालून. माईकपुढे बसली आणि मला म्हणाली, "अध्यक्ष महाराज."
आमचं नातं खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.
"तीस वर्षं शाळेत पोरांचा स्वयंपाक केला. कर भरला, कुरकुरले नाही. आता आमच्यासारख्यांनी –"
प्रत्येकाला मिळणारी तीन मिनिटं झाली. मी घंटा वाजवली. सगळ्यांनाच वाजवतो! ती वाक्याच्या मध्येच थांबली. "आभारी आहे," म्हणाली.
बाहेर गाठलं तिला. "अगं, मला घरी सांगायचंस!"
"घरी तू भाऊ म्हणून ऐकलं असतंस."

२० फेब्रुवारी
मंजूर. एका मतानं. माझं मत बाजूनं होतं.

२१ फेब्रुवारी
आर्डिसचा फोन. मतदानाबद्दल चकार शब्द नाही. "रस्ते निसरडे झालेत, गाडी हळू चालव."

१ जुलै
योजना आजपासून बंद. म्हटलं, "तुझ्या गोळ्या मी आणून देत जाईन."
"आणि बाकीच्यांना?"
"तुझं तरी मला करू दे."
"माझं मी बघते रे," म्हणाली.

२६ सप्टेंबर
शेजारीण धावत गेली तेव्हा आर्डिस स्वयंपाकघरात पडलेली. मेंदूत रक्तस्राव. कपाटातली गोळ्यांची बाटली रिकामी – ऑगस्टपासून आणल्याच नव्हत्या! डॉक्टर माझ्यावर चिडलासुद्धा नाही. "हल्ली असे बरेच येतात," एवढंच म्हणाला.

१४ ऑक्टोबर
बोलायला लागली! अडखळत, पण बोलते. मला मात्र "अहो" म्हणते.

११ नोव्हेंबर
आज शेजारच्या खाटेवरच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, "हे गृहस्थ रोज येतात. भले आहेत. माझा भाऊ आमदार आहे, त्याला सवड नसते. त्याच्या कानावर गेलं असतं ना, तर त्यानं आमची औषधं बंद होऊ दिली नसती."