बर्फाच्या मोराची मान

रविवार, संध्याकाळ

बोटं अजून बधिर आहेत, तरी लिहितेच. आजच्या लग्नात मांडवाच्या दारात माझा बर्फाचा मोर उभा होता. नवरीचे मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, ह्यो मोर हाय का बदक? मान लई जाड झाली की!"

मान मुद्दामच जाड ठेवलेली. नवरदेवाचा परण्या मिरवणुकीनं मारुतीच्या पाया पडून, डीजेपुढं नाचत, मुहूर्तावर कधी पोचलाय आपल्याकडं? पण आजच वेळेवर आला असता तर? तर बदकच!

नाही आला. नवरदेव मांडवात शिरला तोवर मान वितळत वितळत पैठणीच्या पदरावरच्या मोरासारखी नाजूक झालेली. बायका ओरडल्याच, "अगं बाई, मोर बघ!"

आणि त्या बदकाशेजारी फोटोला सगळ्यात आधी कोण उभं? मामाच!