नळीला फुटलेला घाम

१२ मे १९६४, अमरावती
मी सांभाळतो तो दवाखान्याचा ए.सी. आज पुन्हा बंद. मशीन धडधाकट आहे. ते चालू-बंद करणारी, रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हची पेटीच तापते नि मशीन थांबवते. ऑपरेशनची खोली थंड, आणि ती थंड ठेवणारी यंत्रखोली म्हणजे भट्टी!
सोमवारी त्याच खोलीत सुमीचं ऑपरेशन. माझी सख्खी धाकटी बहीण. पोटात गाठ. डॉ. म्हणाले, "या उन्हात खोली थंड राहिली तरच पोट उघडीन. नाहीतर नागपूरला न्या." एवढा प्रवास तिला... नकोच.

१३ मे
जमलं! मशीनकडे थंड गॅस परत येतो ती नळी पेटीपासून हातभरच. तिचा तांब्याचा एक फाटा पेटीमागून फिरवून झाळला. पेटी गारेगार. दुपारभर मशीन एकदाही थांबलं नाही. स्वतःचीच पाठ थोपटली.

१५ मे
माय हिवरखेडहून आली. सुमीजवळ बसते, मधेच मला बघून जाते. "काहून रे, या भट्टीत बसून राहिला?" म्हटलं, सवय आहे. तिला काही पटलं नाही.

१६ मे
जेवून आलो तर यंत्रखोलीच्या खिडकीला वाळ्याची ताटी, ओलीचिंब. छान वास. आणि पेटीत चर्रर्र. मशीन बंद.
उघडून बघतो तर गार नळीला दरदरून घाम, थेंब थेट तारांवर. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम फुटत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. दमट हवेचा विचारच केला नाही. गाढव मी.
दारात माय, हातात तांब्या. "मीच लावली. पानीबी मीच मारलं. लेकरू भाजून राह्यलं ना माहं."
"सुमीचा जीव घेशीन तू!" ओरडलो. बोलू नये ते बोललो.

१७ मे
पेटी सुकवली, जळका व्हॉल्व्ह बदलला. फाटा आता दुसऱ्या नळीला जोडला, बाहेरच्या जाळीत निवून कोमट येणाऱ्या गॅसच्या. घाम फुटणार नाही. पण पेटी पुरेशी निवेल का?
डॉ.ना सगळं खरं सांगितलं. म्हटलं, चालेल असं वाटतं.
"वाटतं?" सुमीचे कागद पुन्हा चाळले. मग, "गाठ थांबणार नाही. उद्याच करू."
माय माझ्याशी बोलत नाही.

१८ मे
सुमी आत आहे. जाताना म्हणाली, "दादा, मले थंडी वाजली तं तुहं काही खरं नाई." हसली. मला हसू आलं नाही.
ऊन चढलंय. डावा हात पेटीवर ठेवून लिहितोय. नळी कोरडी. पेटी मात्र सकाळपेक्षा गरम.
माय दारात बसलीय, तांब्या पालथा घालून. कुणाला आत येऊ देत नाही.
"आज पानी नाई मारलं म्या. आता काय करू?"
"काई नको करू, माय. बस इथंच."
नर्स आत्ताच विचारून गेली. अजून वेळ लागेल म्हणे, मशीन चालेल ना? हो म्हटलं.
पेटीचा चटका बसायला लागलाय. मशीन चालू आहे तोवर हात काढायची हिंमत होत नाही.