बैलाला सोमवार, मला कोणता वार?

लातूर,
चैत्र वद्य

ती. सौ. पार्वतम्मा अक्काच्या पायाशी लातूरहून धाकट्या शिवम्माचे शरणु शरणार्थ.

पत्रास कारण की मी जिवंत आहे. हे आधी लिहून टाकते, कारण उदगिरात माझ्याबद्दल जे काही पसरलं आहे त्यात एवढी एकच बातमी नसणार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? तुमच्या नळाला पाणी येतं, की तुम्हीही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसला आहात? आमचा टँकर त्याच्या मनात येईल तेव्हा येतो, आणि त्याच्या मनात नेमकं मी आडवी झाले की येतं. अक्षर वाकडं दिसेल, समजून घे. बोटं सुजली आहेत, त्यामुळे चार ओळी लिहिते आणि हात उशीवर ठेवते. (शाळेत माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं होतं. तू ते कधी कबूल केलं नाहीस, पण आता भांडायला हातात जोर नाही.)

माझे सांधे तुला ठाऊकच आहेत. सकाळी मूठ मिटत नाही आणि मिटली तर उघडत नाही. निर्गुडीचा पाला झाला, एरंडेल झालं, अंगाला इतका लसूण चोळून झाला की गल्लीतली कुत्री मला ओळख देईनाशी झाली. शेवटी नवीन आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरसवदा आहे, पण बोलते स्पष्ट. म्हणाली, हा आजार जाणारा नाही, याला घरात ठेवून घेऊनच संसार करायचा. (आपल्या घरात असे आणखी दोघे-तिघे आहेत, नावं लिहीत नाही.) गोळ्या निम्मं काम करतील, उरलेलं निम्मं आरामानं होईल. आणि आराम म्हणजे दमल्यावर कोसळणं नव्हे, दमायच्या आधी आडवं होणं. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशीसुद्धा. आम्ही बायका बऱ्या दिवशी चार दिवसांचं तुंबलेलं काम उपसतो आणि पुढचा आठवडा कण्हत काढतो, आणि असं होता होता बोटं एकदा वाकली की वाकडीच राहतात, असं ती म्हणाली. मी तिला डावा तळहात दाखवला. म्हटलं, बाई, रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग यावर ठेवून पूजा करते, हल्ली हात थरथरतो. ती म्हणाली, म्हणूनच सांगते. अक्का, खरं लिहू? मला मरणाची एवढी भीती वाटत नाही, जेवढी त्या तळहाताची वाटते.

आता हा आराम घरात कसा रुजला ते ऐक. आमचे मालक (तुला तेवढं त्यांना ईश्वरप्पा म्हणता येतं, तू मोठी) रोज दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत डाळीच्या पोत्यांवर घोरत असतात. त्यांना काय झालंय असं आजवर कुणी विचारलं नाही. मी पहिल्या दिवशी जेवणं उरकून माजघरात चटईवर पडले, तर घरात चोर शिरल्यासारखी धावपळ. काय झालं, कुठं दुखतं, गोळी घेतली का. म्हटलं, आज काही दुखत नाही म्हणूनच पडले आहे. हे वाक्य या घरात कुणाच्याही डोक्यात शिरलेलं नाही. दुखत असताना पडलं तर म्हणतात, सारखं काय दुखतं हिचं. दुखत नसताना पडलं तर म्हणतात, सोंग. अगं, आपल्या लिंगायतांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. त्या दिवशी बैलाला कुणी विचारतं का, की बाबा, आज तुझा कुठला पाय दुखतो? बैलाला सोमवार आहे, मला कोणता वार?

(इथे हात ठेवला होता. टँकर येऊन गेला. आपल्या दारचा एक हंडा भरला, शेजारणीने तीन भरले.)

त्यात हा जिल्हा. लातूर जिल्हा झाला तेव्हा मालकांनी चौकात पेढे वाटले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पूर्वी कचेरीचं काम निघालं की आपली माणसं थेट उस्मानाबादेला जायची आणि तिथल्या कुणाच्या तरी बोकांडी बसायची. आता कलेक्टर लातुरात, तहानलेली गावं लातुरात, अर्ज लातुरात, आणि अर्जदार माझ्या ओसरीवर. दुष्काळाने तर कहर केला. टँकर मागायला येणारा माणूस आधी माझ्या रांजणातलं पाणी पितो, मग त्याच पाण्यानं पाय धुतो आणि मग पाणी नाही म्हणून रडायला कचेरीत जातो.

गेल्या पंधरवड्यात जळकोटहून संगप्पा आले, मालकांचे चुलतभाऊ. विहीर खोल करायची मंजुरी हवी होती. जेवताना विहिरीचं पुराण लावलं. म्हणाले, "वैनी, हिरीला लई जपावं लागतं. अर्धा तास मोटर चालली की बंद करतो. दम खाऊ देतो तिला. तळ खरवडून उपसलं तर गाळ येतो अन् मग हीर जन्माची बसली." मी मनात म्हटलं, बसवेश्वरा, शेवटी एक तरी समजूतदार माणूस या घरात जेवला. त्यांना ताक वाढलं, भांडी सारली आणि माजघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. संगप्पांनी जाताना आत डोकावलं. विहिरीला दम खाऊ देणारा हा गृहस्थ भरदुपारी आडवी बाई बघून जो गारठला, तो चपला हातात घेऊन मागच्या पावली बाहेर पडला. एसटीत बसल्यापासून त्यांनी काय काय सांगितलं देव जाणे, पण बातमी इथून उदगिरात पोचेपर्यंत मी अंथरुणाला खिळले होते आणि जळकोटात पोचेपर्यंत माझी वाचा गेली होती.

चौथ्या दिवशी दारात जीप. तुझ्या गावची माझी नणंद लक्ष्मम्मा, संगप्पा, मठातले स्वामी आणि ज्यांचं माझ्याशी नातं काय हे मला अजून आठवायचं राहिलं आहे अशी माणसं. (तुला जीपमध्ये जागा उरली नाही म्हणे. तुझं नशीब.) आता माझं दुर्दैव असं की त्या आधीचे दोन दिवस मला खरोखर आराम मिळाला होता. सूज उतरली होती, मी पायरीवर बसून तांदूळ निवडत होते आणि बरी दिसत होते. लक्ष्मम्माने जीपमधून उतरतानाच गळा काढला होता. मला बघून ती मध्येच थांबली, पण अर्धा काढलेला गळा वाया जाऊ नये म्हणून मालकांच्या खांद्यावर जाऊन पुरा केला. सगळ्यांची तोंडं इतकी उतरली की मलाच अपराधी वाटलं. एवढं भाडं देऊन माणसं मरणाला आली आणि बाई तांदूळ निवडते आहे. स्वामी तेवढे म्हणाले, "बरी हाय, लई चांगलं झालं. चला, बाईला पडू द्या." त्यांचं कुणी ऐकलं नाही.

कारण आलेली माणसं जेवल्याशिवाय जाणार कशी? चूल पेटली. पिठलं, ठेचा आणि भाकरी, भाकरी, भाकरी. माझ्या या हातांनी. लक्ष्मम्मा उंबऱ्यात बसून मला धीर देत होती, म्हणजे पीठ कमी मळलं आहे असं सांगत होती. ओसरीवरचं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. संगप्पा मालकांना समजावत होते, की आज नाही तर उद्या वेळ येणारच, जमीन दुष्काळानं लोखंड झाली आहे, ऐन वेळी पहार लागणार नाही. तिकडे रस्त्यावर रोजगार हमीचं काम चालू आहे तोवर दोन माणसं लावून मळ्यात जागा खणून ठेवलेली बरी. मालक चक्क विचार करत होते. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि मला हसू आलं. अक्का, आपल्यात माणसाला मेल्यावरही आडवं होऊ देत नाहीत, मांडी घालून बसवूनच पुरतात. म्हणजे आडवं व्हायचं ते जिवंतपणीच, आणि तिथे उंबऱ्यात लक्ष्मम्मा.

शेवटची भाकरी थापताना मनगट गेलं. परात सरकली, मी भिंतीला टेकले आणि तशीच खाली बसले. उचलून नेऊन आत टाकलं मला. आणि काय सांगू, सगळ्यांचे चेहरे कसे उजळले! संगप्पा म्हणाले, "म्हनलं न्हवतं? खरं निघालं का न्हाई?" लक्ष्मम्माने उशाशी बसून माझा सुजलेला गुडघा मनापासून दाबला आणि सल्ला दिला, "लोळून लोळूनच सांधे धरतेत, वैनी. हिंडत-फिरत राहावं." मग मंडळी समाधानाने जीपमध्ये बसून गेली. त्या एका जेवणाने मी आठवडाभर अंथरुणात आहे. मालक मात्र खूश, पाहुण्यांचा मान राहिला म्हणून. माझी बोटं राहतील का, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.

डॉक्टरीणबाई काल रागावली. म्हणाली, बाई, मी आराम सांगितला होता. मी म्हटलं, मी करत होते, जिल्हा करू देत नाही.

दाजींना शरणार्थ, लेकरांना आशीर्वाद.

तुझी, अजून न पुरलेली,
शिवम्मा

ता. क. – मुख्य गोष्ट राहिली. या घरात माझ्या आजारासाठी मला अर्धा तास मिळत नाही, पण दुसऱ्याच्या आजारासाठी महिना मिळतो. बहिणीची सेवा म्हटलं की मालक स्वतः मला एसटीत बसवून देतील. तेव्हा हे पत्र पोचताच मालकांच्या नावाने एक कार्ड टाक. गुडघ्यांनी अंथरूण धरलं आहे, शिवम्माला महिनाभर सेवेला पाठवा, असं लिही. मी येते आणि तुझ्या मागच्या खोलीत पडून राहते. तूही शेजारी पड. सुनांना सांग, बहिणी-बहिणी सुखदुःखाचं बोलत आहेत, आत येऊ नका.

ता. क. दुसरा – मात्र खरोखर आजारी पडू नकोस. तसं झालं तर पलंगावर तू असशील आणि पायाशी मी.

ता. क. तिसरा – आत्ता मालक डोकावून गेले. विचारलं, "काय करायलीस?" म्हटलं, अक्काला पत्र लिहिते. म्हणाले, "लिहायलीस म्हणजे बरी हाईस. मग उद्या अहमदपूरचे पाव्हणे यायलेत, कचेरीचं काम हाय त्यांचं." तेव्हा अक्का, कार्डात गुडघे लिहू नकोस, छातीत कळ येते असं लिही. गुडघे बायकांचे दुखतात, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. छाती पुरुषांची दुखते, तिला सगळे भितात.